मुळशीचं पाणी कोणत्या तासाला?

नववीच्या विज्ञानात ‘कार्य आणि ऊर्जा’ हा धडा आहे. मुळशी तालुक्यातल्या शाळेत तो शिकवताना फळ्यावर कुठल्या तरी मनोऱ्यावरून कुठला तरी दगड पाडायचं कारण नाही. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीचा कडा उतरून रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याच्या वीजघरात पडतं. उंचीतला फरक सुमारे ५०० मीटर. एक घनमीटर पाणी, म्हणजे हजार किलो, तेवढं खाली आलं की ४९ लाख ज्यूल. युनिटाला लागतात ३६ लाख. घर्षण वगैरे सोडलं तर सव्वा युनिटाच्या वर वीज झाली. मग मुलांनी घरचं वीजबिल काढावं आणि एवढ्या विजेसाठी किती पाणी कड्याखाली उतरवावं लागेल ते मांडावं.

विज्ञानाचा तास इथे संपतो, विषय संपत नाही. मुळा नदीचं हे पाणी एरवी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला गेलं असतं. भिऱ्याहून ते कुंडलिकेत जातं आणि अरबी समुद्राला मिळतं. हा झाला भूगोल. इतिहास त्याहून जवळचा आहे. या धरणासाठी गावं आणि भातखाचरं बुडाली. टाटा कंपनीच्या या धरणाविरुद्ध १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापट त्याचे नेते झाले. १९२४पर्यंत झुंज चालली, तरी धरण झालंच. १९२७मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. बुडालेल्या गावांतल्या घरांची पतवंडं आज इथल्या शाळांत आहेत. त्यांनी घरातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकीव गोष्टी लिहून आणाव्यात. तेच मराठीचं लेखन. वीज मोजायची आणि सत्याग्रह वगळायचा, असा प्रकल्प मला मान्य नाही.

सध्या प्रकल्प म्हणजे बहुतेक ठिकाणी वही: विकतची चित्रं, मोबाइलवरून उतरवलेली माहिती, पुष्कळदा आईचं अक्षर. शिक्षकांना दोष देणं अन्यायाचं आहे. अर्ध्या-पाऊण तासात घाट चढता येत नाही, आणि गुण वहीलाच मिळतात.

वेळ काढता येतो, हे मुळशीच्याच पुणे जिल्ह्यात सिद्ध झालंय. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम उभा केला. तिथून शाळांत गेलेल्या अभ्यासक्रमात मुलं आठवड्यातला एक दिवस हातानं काम करतात: वेल्डिंग, वायरिंग, शेती, रक्तगट तपासणी. शिकवायला गावातली कसबी माणसं येतात आणि केलेलं काम गावाच्या उपयोगी पडावं लागतं.

मुळशीत निदान आठवड्याची एक दुपार सलग मिळावी. विज्ञान, भूगोल, इतिहास आणि मराठीचे शिक्षक त्या दुपारी एकत्र असावेत. गुण तोंडी द्यावेत. ‘हा आकडा कुठून आणलास?’ याचं उत्तर आलं की गुण. एवढं मुख्याध्यापकांना परिपत्रकाची वाट न पाहता करता येईल. भिऱ्याचं वीजघर पाहायला मात्र कंपनीची परवानगी लागते. त्यासाठी शिक्षण विभागानं सगळ्या तालुक्याच्या वतीनं एकच पत्र द्यावं, आणि ते पावसाळ्याआधी द्यावं.