नव्वद दिवसांचे पदक



आमच्या बोदवड-भुसावळ पट्ट्यात फौजेतला मुलगा संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवरून परतला की त्याला पहिला प्रश्न पैशाचा विचारला जातो. ‘तो तं डॉलर कमवाले गेलता,’ हे वाक्य मी पारावर ऐकले, एसटीत ऐकले, लग्नाच्या पंगतीतही ऐकले. हल्ली त्याला शेपूट फुटले आहे : नुसते नव्वद दिवस काढले की मिळते, ते कसले पदक? मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवले. माझ्या वर्गातला एक विद्यार्थी काँगोतून असे पदक घेऊन आला आहे. तो या टोमण्यांना उत्तर देत नाही. म्हणून मी देतो.

नव्वद दिवसांची अट खरी आहे. बहुतेक मोहिमांत तेवढी सलग सेवा झाली की संयुक्त राष्ट्रांचे पदक मिळते. आपल्या सरकारनेही देशाबाहेरील सेवेसाठी 1960 साली ‘विदेश सेवा मेडल’ सुरू केले आणि त्यावर कोरिया, काँगो अशा नावांच्या पट्ट्या लावल्या जातात. ही सेवापदके आहेत, शौर्यपदके नव्हेत. शौर्यपदक एखाद्या प्रसंगातल्या पराक्रमासाठी असते, सेवापदक नेमून दिलेले काम नेमून दिलेल्या जागी केल्याबद्दल. हा फरक प्रत्येक जवानाला ठाऊक असतो. तो स्वतःला परमवीर म्हणवत नाही. मग ‘तू परमवीर नाहीस’ असे त्याला हिणवण्यात काय मोठेपणा?

डॉलरचे म्हणाल तर संयुक्त राष्ट्रे दर सैनिकामागे महिन्याला चौदाशे डॉलरच्या आसपास रक्कम देतात, पण ती देतात भारत सरकारला. जवानाच्या हाती काय पडावे हे आपले सरकार ठरवते. त्याला तिथे जादा भत्ता मिळतो, हे कशाला नाकारायचे? बाहेरगावी बदली झालेल्या प्रत्येक नोकरदाराला भत्ता मिळतो. त्याच्या नोकरीला कोणी सहल म्हणत नाही.

आता त्या नव्वद दिवसांत होते काय, ते पाहू. काँगोचेच उदाहरण घेतो. सुरक्षा परिषदेने 2003 मध्ये पूर्व काँगोतील सशस्त्र टोळ्यांवर शस्त्रबंदी लादली. कागदावरची बंदी कागदावरच राहू नये म्हणून 2004 च्या 1533 क्रमांकाच्या ठरावाने शांतिसेनेला आणखी एक काम दिले : उत्तर किवू, दक्षिण किवू आणि इतुरी भागांतल्या विमानतळांवर, धावपट्ट्यांवर, बंदरांवर आणि सीमानाक्यांवर पूर्वसूचना न देता विमानांतला आणि वाहनांतला माल तपासायचा. यातल्या उत्तर किवूत, गोमा शहराच्या परिसरात, पुढे वर्षानुवर्षे भारतीय ब्रिगेड होती. एकीकडे ज्वालामुखी, दुसरीकडे रवांडाची हद्द, मधे निर्वासितांच्या छावण्या आणि जंगलातून येणारे सशस्त्र लोक. अशा ठिकाणी निर्बंधांवर नजर ठेवायची म्हणजे दिवसचे दिवस गस्त, तपासणी आणि नोंदवह्या. खळ्यावर रात्रभर राखण केली आणि चोर फिरकलाच नाही, तर सकाळी राखणदाराला कोण शाबासकी देते? या कामाचे तसेच आहे. जी बंदूक गावात पोहोचली नाही, तिची बातमी होत नाही. त्यामुळेच या कामाचे मोजमाप दिवसांत करावे लागते. त्याला दुसरे माप नाही.

आणि रोज काहीच घडत नाही, असेही नाही. 19 डिसेंबर 2013 रोजी दक्षिण सुदानमधल्या अकोबो येथे जीव वाचवायला तळावर आलेल्या नागरिकांना मारण्यासाठी मोठा सशस्त्र जमाव आत घुसला. त्यांना वाचवताना दोन भारतीय जवान ठार झाले. जुलै 2022 मध्ये काँगोतल्या बुटेम्बोत सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान गेले. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया 5 डिसेंबर 1961 रोजी काँगोतल्याच एलिझाबेथव्हिलमध्ये पडले. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत परमवीर चक्र मिळवणारे ते एकमेव. आजवर अशा मोहिमांत सुमारे 180 भारतीयांनी प्राण दिले आहेत.

महाराष्ट्राचा या कामाशी काय संबंध, असे कोणी विचारील. त्याने शंकरराव थोरातांचे चरित्र काढून पाहावे. 1953 मध्ये कोरियातले युद्ध थांबले, पण मायदेशी परतायला नकार देणाऱ्या बावीस हजारांवर युद्धकैद्यांचे करायचे काय, हा प्रश्न उरला. त्यांना सांभाळायला भारताची सुमारे सहा हजारांची फौज गेली आणि तिचे नेतृत्व कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावचे मेजर जनरल थोरात यांच्याकडे होते. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी आपल्या भूमीवर भारतीय पाऊल पडू देणार नाही असा हट्ट धरला, तेव्हा जवानांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट दोन सैन्यांमधल्या पट्ट्यात उतरवावे लागले. तिथे कैद्यांनी मेजर ग्रेवाल नावाच्या भारतीय अधिकाऱ्याला कुंपणाआड डांबले. गोळीबार करता आला असता, पण त्यात अधिकारी गेला असता आणि शेकडो कैदीही. थोरात शस्त्राविना आत गेले आणि बोलून त्याला सोडवून घेऊन आले. आमच्या मुलांना पानिपत तोंडपाठ असते. मराठी माणसाने एकही गोळी न झाडता जिंकलेला हा प्रसंग शंभरात एकालाही सांगता यायचा नाही. पुढे 1992 मध्ये पेटलेल्या युगोस्लाव्हियात संयुक्त राष्ट्रांच्या सेनेचे पहिले प्रमुख झालेले लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार हेही मराठा लाइट इन्फंट्रीचेच अधिकारी.

विरोधकांच्या तीन मुद्द्यांत मात्र दम आहे. नोव्हेंबर 2012 मध्ये शांतिसेना हजर असताना बंडखोरांनी गोमा घेतले आणि जानेवारी 2025 मध्ये पुन्हा घेतले. काँगोतल्या भारतीय तुकडीतील काहींवर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले आणि लष्कराला चौकशी करावी लागली. शिवाय इतकी वर्षे माणसे पाठवूनही सुरक्षा परिषदेतली कायमची जागा भारताला मिळालेली नाही. पहिल्याचे उत्तर असे की किती सैन्य द्यायचे आणि त्याने कधी गोळी झाडायची, हे न्यूयॉर्कमध्ये ठरते, नाक्यावरच्या शिपायाच्या खोलीत नव्हे. दुसऱ्यावर माझे काही म्हणणे नाही. दोषी असेल त्याचे पदकच काय, नोकरीही जावी. तिसरा मुद्दा मला पटत नाही. खुर्ची मिळवणे हे मुत्सद्द्यांचे काम आहे. ते त्यांना जमले नाही याचा राग आमच्या गावच्या हवालदारावर का काढायचा?

मी पैसे मागत नाही. शौर्यपदकांना राज्य सरकार रोख बक्षीस देते, ते तसेच राहू द्या. माजी सैनिकांना घरपट्टीची माफी 2020 पासून आहेच. माझे मागणे नोंदीचे आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाने परदेशातील शांतिमोहिमांत प्राण दिलेल्यांनाही आपले मानले आहे. इयत्ता नववीच्या राज्यशास्त्रात संयुक्त राष्ट्रांवर आख्खा धडा आहे. तो शिकवताना आपल्याच तालुक्यातला कोण तिथे जाऊन आला, हे मात्र शिक्षकालाही माहीत नसते. ‘शांतिसेना’ म्हटले की आमच्याकडे लोकांना 1987 ची श्रीलंकाच आठवते, आणि ती तर संयुक्त राष्ट्रांची मोहीम नव्हती.

दरवर्षी 29 मे हा संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांचा दिवस असतो. त्या वेळी शाळांना सुट्टी असते, पण तहसील कार्यालय उघडे असते. जळगाव आणि धुळ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी अशा मोहिमांवर गेलेल्या माजी सैनिकांची, सीमा सुरक्षा दल आणि केंद्रीय राखीव दलातल्यांसह, तालुकावार यादी करावी. त्या दिवशी ती तहसीलच्या फलकावर लावावी आणि जूनमध्ये शाळा उघडताच तिची एकेक प्रत माध्यमिक शाळांना द्यावी. बोदवड तालुक्यातील नावे गोळा करायला मी आणि माझे दोन निवृत्त सहकारी तयार आहोत. कार्यालयाने फक्त सांगावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
बोदवड (जि. जळगाव)