समोसा-जिलेबीच्या गदारोळात हरवलेली सूचना

जुलै २०२५ मध्ये बातमी आली की सरकार आता समोसा आणि जिलेबीवर धोक्याचे इशारे छापणार. चार दिवस सगळ्यांनी विनोद करून घेतले. मग केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने खुलासा केला: विक्रेत्यांच्या मालावर कसलेही लेबल नाही, कार्यालयांत साखर आणि तेलाची माहिती देणारे फलक लावा, एवढेच सुचवले आहे. गदारोळ शमला. पण त्याच पत्रात कार्यालयांत साखरयुक्त पेये कमी उपलब्ध ठेवावीत असेही म्हटले होते. त्यावर फारसे कोणी बोलले नाही. माझ्या मते कामाची सूचना तीच होती.

फलक लावणे सोपे असते. त्याच फलकाखाली कोल्ड्रिंकचा फ्रिज उभा राहिला, तर फलक कोण वाचणार?

सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने, म्हणजे तिथल्या वैद्यकीय विद्यापीठाने, २०१५ मध्ये फ्रिजलाच हात घातला. आपल्या आवारातील कॅन्टीन, दुकाने आणि यंत्रांतून साखर घातलेल्या पेयांची विक्री बंद केली. घरून आणून पिण्यास मनाई नव्हती. अशी पेये रोज पिणाऱ्या २१४ कर्मचाऱ्यांची दहा महिन्यांनी पुन्हा पाहणी झाली. दिवसाला सरासरी सुमारे एक लिटर पिणारी ही माणसे अर्ध्या लिटरवर आली होती. कंबरेचा घेर सरासरी दोन सेंटिमीटरने घटला. बीएमआय मात्र बदलला नाही, आणि विक्री चालू असलेल्या दुसऱ्या संस्थेशी तुलनाही केलेली नव्हती, हे सांगायला हवे. ज्यांना थोडे समुपदेशनही मिळाले, त्यांचे पिणे आणखी कमी झाले. म्हणजे सांगण्याचा उपयोग होतो, पण समोरची बाटली हलवल्यावर.

हा व्यक्तिस्वातंत्र्यावर घाला आहे, असे म्हणणारे मित्र मला भेटतात. संस्थेने काय विकावे हे संस्थाच ठरवत असते; आजही ठरवतेच. तो फ्रिज बहुधा पेय कंपनीनेच दिलेला असतो. तेव्हा स्वातंत्र्याची आठवण कोणाला होत नाही.

पण आपल्याकडे हा प्रश्न एसी कार्यालयापुरता नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागावर बारा-बारा तास उभा राहणारा कामगार कॅन्टीनमधून काही घेत नाही. त्याचा चहा टपरीवरून येतो, साखर आधीच उकळून. कपात दोन चमचे आणि दिवसात पाच कप धरले तरी दहा चमचे, म्हणजे चाळीसेक ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिलेले बरे म्हणते. या माणसाला ‘साखर सोडा’ असे सांगणे मला पटत नाही. तो चहा त्याची झोप उडवतो, भूकही मारतो. त्याच्या पाळीत जेवणाची नीट सुट्टी आणि पिण्याचे चांगले पाणी नसेल, तर चहा सोडून त्याने घ्यायचे काय?

१९४८ च्या कारखाने कायद्यात पिण्याच्या पाण्याची सोय सक्तीची होती; अडीचशेहून अधिक कामगार असतील तिथे उन्हाळ्यात थंड पाणीही. बहुतेक यंत्रमाग शेड इतक्या मोठ्या नसतातच. म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक शेडमध्ये स्वच्छ, गार पाणी हाताशी असावे. टपरीवाल्याला सांगून बिनसाखरेचा चहा मागवावा, साखर वेगळी ठेवावी, ज्याला हवी तो घालील. सुरुवातीला लोक तीन-तीन चमचेही घालतील, घालू द्यावेत. आपल्या संस्थांच्या बैठकांतही पाहुण्यासाठी ‘थंडा’ मागवण्याची सवय आहे. तिथे पाण्याचा जग ठेवायला कोणत्या पत्राची वाट पाहायची?

आणि शेडमधल्या पाण्याचा खर्च मालकाने करायचा, कामगाराच्या मजुरीतून तो कापायचा नाही.