नव्या मूत्रपिंडाची पहिली लघवी

मूत्रपिंड प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया आटोपली की बाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, लघवी सुरू झाली का?" हो म्हटले की पेढे, नाही म्हटले की डोळ्यांत पाणी. माझे मत असे की, या एका उत्तरावर ना पेढे वाटावेत, ना धीर सोडावा.

कारण साधे आहे. प्रत्यारोपणात रुग्णाची जुनी मूत्रपिंडे सहसा काढून टाकत नाहीत. नवे ओटीपोटात एका बाजूला बसवतात. जुनी मूत्रपिंडे अजून थोडी लघवी करत असतील, तर पिशवीत जमलेली लघवी कोणाची, हे नुसते पाहून कळत नाही. उलटपक्षी, लघवी आली नाही म्हणजे नवे मूत्रपिंड वाया गेले असेही नव्हे. मेंदूमृत दात्याचे मूत्रपिंड काही तास रक्तपुरवठ्याविना, थंड ठेवून आणावे लागते. त्या काळात त्यातील सूक्ष्म नलिकांच्या पेशींना इजा होते. असे मूत्रपिंड काही दिवस, कधी काही आठवडेही जणू झोपून राहते व नंतर कामाला लागते. तोवर डायलिसिसचा आधार द्यावा लागतो. शरीराने मूत्रपिंड नाकारणे ही याहून निराळी गोष्ट आहे.

मग कळावे कसे? आपल्या ओळखीची रक्तातील क्रिएटिनीनची तपासणी इथे उशिरा बोलते. ते आधीच वाढलेले असते व हळूहळू उतरते. शिवाय डायलिसिस केले की त्यानेही उतरते. म्हणून संशोधकांनी लघवी किती येते याऐवजी लघवीत काय येते, इकडे लक्ष वळवले. इजा झालेल्या नलिका एनगॅल नावाचे प्रथिन लघवीत सोडतात. इंटरल्यूकिन-१८ हा पदार्थही तसाच वाढतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात मृत दात्याचे मूत्रपिंड मिळालेले ९१ रुग्ण होते. त्यांपैकी ३४ जणांना पहिल्या आठवड्यात डायलिसिस लागले. कोणाला ते लागेल, याची चाहूल या दोन पदार्थांनी शस्त्रक्रियेनंतर पहिल्याच दिवशी बऱ्यापैकी दिली.

'बऱ्यापैकी' हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. डायलिसिस लागलेला एक व न लागलेला एक, अशी जोडी घेतली, तर या तपासण्या दहांपैकी सुमारे आठ वेळा दोघांना बरोबर ओळखत. म्हणजे दोनदा चूक! शिवाय लघवीत जंतुसंसर्ग असला तरी एनगॅल वाढते. आणि लघवीचा थेंबही येत नसेल, तर तपासायचे तरी काय?

तेव्हा ही तपासणी उपयोगाची, पण तो निवाडा नव्हे. सलाईन किती द्यावे, डायलिसिसची तयारी कधी ठेवावी, मूत्रपिंडाला जड जाणारी औषधे जपून कशी द्यावीत, हे ठरवायला तिची मदत होत असेल तरच ती करावी. उपचारात काही फरक पडणार नसेल, तर आधीच कर्जात बुडालेल्या कुटुंबावर आणखी एका बिलाचा बोजा कशासाठी? नवी तपासणी निघाली की ती सर्वांना लिहून देण्याची आम्हा डॉक्टरांची खोड मला पसंत नाही.

वाचकांपैकी कोणावर असा प्रसंग आला, तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: रुग्णाची स्वतःची लघवी आधी रोज किती होत होती? मूत्रपिंड किती तास थंड ठेवले होते? सोनोग्राफीत नव्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा नीट दिसतो का? शेवटचे उत्तर 'हो' असेल, तर लघवीचा थेंब दिसला नाही तरी आशा सोडू नये. आणि पिशवी भरलेली दिसली, तरी पेढे क्रिएटिनीन उतरल्यावरच आणावेत.