शिंदी लपवतो आपण, मार खाते सिस्टर

हैदराबादच्या गांधी रुग्णालयात १ एप्रिल २०२० रोजी करोनाचा एक रुग्ण दगावला आणि नातेवाइकांनी डॉक्टरांवर हात टाकला. त्याच महिन्याच्या २२ तारखेला केंद्राने वटहुकूम काढला. गंभीर दुखापत केल्यास सात वर्षांपर्यंत कैद! आंध्रात २००८ पासून असा कायदा होताच, त्यात परिचारिकाही होत्या. महाराष्ट्राने तो २०१० साली केला. कायदे झाले, ठीक झाले. पण खाटेवरचा रुग्णच जेव्हा सलाईन उपटून सिस्टरच्या तोंडावर ठोसा मारतो, तेव्हा कोणते कलम लावायचे? तो शुद्धीवर नसतो. का नसतो, हे मात्र वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेल्या आपल्याच माणसांना पुष्कळदा पक्के ठाऊक असते.

देगलूर, बिलोली, धर्माबादकडचा रुग्ण अवघड झाला की गाडी हैदराबादकडे वळते. निजामाच्या काळापासूनची ही वाट. तिथे विचारतात, "पिण्याची सवय?" आपले उत्तर ठरलेले, "छे हो, सणावाराला कधीतरी." घराण्याची अब्रू राहते. दोन-तीन दिवसांनी रात्री हाच सज्जन थरथरू लागतो, घामाने भिजतो, त्याला भिंतीवर नसलेले साप दिसतात, आणि औषध घेऊन आलेली पोर त्याला वैरीण वाटते. सकाळी आपण म्हणतो, "हिनेच काहीतरी चुकीचे टोचले!"

शिंदीचे प्रकरण तर याहून वाईट. तिच्यात क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम मिसळतात. सप्टेंबर २०१५ मध्ये तेलंगण सरकारने या भेसळीवर बडगा उगारला, पुरवठा एकाएकी तुटला, आणि आपल्या शेजारच्या निजामाबाद जिल्ह्यात शेकडो माणसे दवाखान्यांत आली. कोणाला झटके, कोणाला भ्रम, कोणी अंगावर धावून जाणारे. त्यांना दारुडे म्हणून हिणवणे सोपे आहे. आपण रोज झोपेच्या गोळ्या पितो आहोत, हे त्यांतल्या कितीजणांना ठाऊक असणार?

पहिल्याच दिवशी खरे कळले तर डॉक्टर वेळेत औषध सुरू करतात, मात्रा हळूहळू उतरवतात, बी-वन जीवनसत्त्व देतात. वॉर्डात मंद दिवा ठेवतात, ओळखीचा एक माणूस उशाशी बसवतात. तेलुगू किंवा मल्याळी सिस्टरला आपल्या माणसाची मराठी बडबड कशी समजावी? ते काम आपले. पण आपण दहाजण जातो आणि दहाजण ओरडतो. बांधून टाका म्हणणारेही असतात. मनोरुग्णालयांत साखळ्यांना २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. इतर बंधनेही तातडीचा धोका असेल तेव्हाच, तेवढ्याच वेळापुरती.

सरकारही सुटत नाही. नर्सिंग कौन्सिलचा दंडक शिकवणीच्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका, इतरत्र पाचांमागे एक, असा आहे. रात्रपाळीला अख्खा वॉर्ड एकटीवर सोपवायचा आणि तिने सुजलेला गाल दाखवला की "या नोकरीत चालायचंच" म्हणायचे, याला प्रशासन म्हणत नाहीत. शाळेत शिक्षकाला असे कोणी म्हणून पाहावे!

पण खिडकीवरचे उत्तर सरकार देत नाही, आपण देतो. काय पितो, किती, कधीपासून, शेवटची केव्हा घेतली, झोपेच्या गोळ्या घेतो का, सारे सांगा. तेलुगू येत नसेल तर हिंदीत सांगा. रांगेतली शेजारीण ऐकेल. ऐकू द्या.