चालत आली, म्हणे!

चार नर्सेस एकत्र आल्या की एक विषय हमखास निघतो. कुणी किती मोठा आकडा पाहिला? एकीने रक्तातली साखर हजाराच्या वर पाहिलेली असते. दुसरीने वरचं ब्लडप्रेशर २६० पाहिलेलं असतं. तिसरी थोडा वेळ गप्प बसते आणि मग म्हणते, "हिमोग्लोबिन दोन पॉइंट आठ. आणि बाई चालत आली होती." बहुतेक वेळा बाजी तीच मारते.

आमच्या नातेवाइकांत तीन नर्सेस आहेत. एक रिटायर्ड मावशी, एक वहिनी आणि एक मावसबहीण. त्यामुळे लग्नकार्यात, बारशाला, पंगत उठल्यावर हे आकडे मी लहानपणापासून ऐकत आलोय. ऐकणाऱ्यांचे दोन गट ठरलेले. पहिला गट नाक मुरडतो, "शी, माणसं मरायला टेकलेली असतात आणि ह्यांना त्याची गंमत!" दुसरा गट डोळे विस्फारून म्हणतो, "काय सांगतेस! बाईच्या जातीला देवाने सोसायची ताकदच दिलीय बघ." माझं भांडण दोन्ही गटांशी आहे. पहिल्याशी थोडं, दुसऱ्याशी कडाक्याचं.

आधी पहिल्याचं उरकतो. नर्सच्या गोष्टीत पेशंटचं नाव नसतं, गाव नसतं, आडनाव तर नसतंच. असतो फक्त आकडा, आणि त्याच्या मागोमाग एक वाक्य: "परत केलं, तेच आलं." हे वाक्य नीट ऐका, मंडळी. अशक्य आकडा दिसला की मुरलेली सिस्टर आधी त्याच्यावर संशय घेते. आंबा खाऊन हात न धुता टोचलं तर ग्लुकोमीटर भलतंच काही दाखवतो. ज्या हाताला सलाइन चालू आहे त्याच हातातून रक्त घेतलं तर रिपोर्टवर विश्वास ठेवता येत नाही. म्हणून पुन्हा टोचायचं, दुसऱ्या हातातून घ्यायचं. अशा गोष्टींतूनच नवी पोरगी शिकते. बरीचशी ग्लुकोमीटर ६०० च्या वर आकडा दाखवतच नाहीत, नुसतं 'हाय' अशी इंग्रजी अक्षरं दाखवतात. (आमच्या गावाकडे 'हाय' म्हणजे 'आहे'. बरोबरच आहे, साखर हाय! :) ) ग्लानीत पडलेल्या म्हाताऱ्याच्या बोटाला टोचून जिने एकदा ती अक्षरं पाहिली, ती पुढच्या म्हाताऱ्याला "वयोमान झालं" म्हणून सोडून देत नाही. याला गंमत म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

आणि आकड्यांचं वेड नर्सिंगला पहिल्यापासून आहे. फ्लोरेन्स नाइटिंगेल म्हटलं की आपल्याला दिवा आठवतो. पण १८५८ साली तिने छापलेल्या आकृत्या दिव्यापेक्षा जास्त कामाच्या होत्या. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी जास्त मेले, हे तिने रंगीत पाकळ्या काढून सरकारपुढे मांडलं. तिच्या हातात आकडा म्हणजे आरोपपत्र होतं. आपण त्याचा चमत्कार करून टाकला.

आता दुसरा गट.

काही विक्रम खरोखर थक्क करणारे असतात. १९९९ साली नॉर्वेत एक डॉक्टरीण स्कीइंग करताना बर्फाखालच्या ओढ्यात अडकली. तिच्या शरीराचं तापमान १३.७ अंश सेल्सियसपर्यंत उतरलं होतं, आणि ती वाचली. १९८० च्या उन्हाळ्यात अमेरिकेत अटलांटा शहरात उष्माघाताच्या एका पेशंटचा ताप ४६.५ अंश सेल्सियस भरला. तोही वाचला. इथे तोंडात बोट घालायला माझी हरकत नाही. हे अपघात होते, काही तासांत घडलेले. शरीराचं आणि डॉक्टरांचं कौतुक करावं तेवढं थोडंच.

पण २.८ हिमोग्लोबिन एका दुपारीत होत नाही. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन निदान ११ हवं. सातच्या खाली गेलं की तीव्र रक्तक्षय. अकरावरून तीनच्या खाली यायला बहुधा महिने लागतात, कधी वर्षं. पाठोपाठची बाळंतपणं, पाळीत जाणारं जास्तीचं रक्त, अनवाणी शेतात राबताना पायातून शिरलेले जंत, सगळ्यांचं उरकल्यावर उरलंसुरलं जेवण आणि वर चहा. एवढ्या काळात शरीर काटकसरीने संसार चालवायला शिकतं. हृदय जास्त रक्त फिरवतं. तांबड्या पेशी ऑक्सिजन जरा सढळ हाताने सोडू लागतात. म्हणून ती बाई पाणी भरते, भाकऱ्या थापते आणि चालत दवाखान्यात येते. तेवढंच रक्त तासाभरात गेलं असतं तर ती जागची उठली नसती.

म्हणजे बघा, "चालत आली" हा तिच्या ताकदीचा पुरावा नाहीच. तो उशिराचा पुरावा आहे. ती चालू शकली, कारण हे सगळं सावकाश झालं. आणि सावकाश झालं म्हणजे ते पाहायला प्रत्येकाला भरपूर वेळ होता.

आणि पाहिलंही सगळ्यांनी. जिना चढताना धाप लागते, ते पाहिलं. नखं पांढरीफटक, तीही पाहिली. पाटीवरची पेन्सिल खाते, भिंतीची माती खाते, त्यावर तर "डोहाळे लागलेत" म्हणून हसून झालं. असलं खावंसं वाटणं हे पुष्कळदा लोह कमी असल्याचं लक्षण असतं. पाहिलं सगळ्यांनी, मोजलं मात्र कुणीच नाही.

बरं, दवाखान्यात आली म्हणजे सुटली असंही नाही. वहिनी सांगते ते ऐका. अशा बाईला भराभर रक्ताच्या पिशव्या लावता येत नाहीत. आधीच दमलेल्या हृदयाला तो भार पेलत नाही, फुफ्फुसात पाणी भरतं. एकेक पिशवी सावकाश, सोबत लघवी होण्याचं इंजेक्शन, आणि सिस्टर रात्रभर थेंब, नाडी, श्वास मोजत उशाशी उभी. त्यातच कळा सुरू झाल्या तर संपलंच. एरवी बाळंतपणात जेवढं रक्त गेलेलं दुसरी बाई सहन करते, तेवढ्याने ही जाते. "सोसायची ताकद" तिथे नेमकी संपलेली असते.

हा एकट्यादुकट्या बाईचा प्रश्न असता तर मी एवढं लिहिलं नसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ साली महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ४८ टक्के रक्तक्षयी निघाल्या होत्या. २०१९-२१ च्या फेरीत ५४ टक्के. बोटाच्या रक्तावरची मोजणी कितपत नेमकी यावर तज्ज्ञांत वाद आहेत, ते मान्य. पण वाद थोडं इकडेतिकडे होण्याचा आहे, प्रश्न नसण्याचा नाही.

आता कुणीतरी म्हणणारच, "तपासणी फुकट, गोळ्या फुकट, बायकाच खात नाहीत त्याला कोण काय करणार?" अहो, त्या गोळ्यांनी मळमळतं, पोट जड होतं, शौचाला काळं होतं. हे आधी कुणी सांगितलं तर बाई घाबरत नाही. न सांगता पाकीट हातात कोंबलं की तिसऱ्या दिवशी गोळ्या फळीवर जातात. त्यात घरातलं कुणीतरी सांगतं की या गोळ्यांनी मूल काळं होतं. आणि कुणी घेतल्याच तर चहाबरोबर घेते, म्हणजे लोह अंगी लागायचं ते निम्मं वाया. गोळी पोचवली म्हणजे उपचार पोचला, असं समजणारे लोक बायकांना दोष द्यायला मात्र पुढे असतात.

नर्सेसना माझी एकच विनंती. हे आकडे सांगणं थांबवू नका. फक्त प्रत्येक गोष्टीत एक वाक्य वाढवा: याआधी कधी तपासलं होतं? मी मावशीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "अरे, आधीचं काही नसतंच. पहिलंच असतं." सगळी गोष्ट इथे आहे. विक्रम त्या आकड्याचा नाही, त्याच्या आधीच्या कोऱ्या पानांचा आहे.

आणि नातेवाईक मंडळींनो, तुम्ही हे वाचता हे मला ठाऊक आहे, म्हणून स्पष्टच लिहितो. आपल्याकडे पुरुषमाणसांच्या लिपिड प्रोफाइलच्या फायली आहेत, प्लॅस्टिकच्या कव्हरात, तारखेवार लावलेल्या. त्याच कपाटात घरातल्या बायकांचे रिपोर्ट शोधून बघा. बऱ्याच जणींचा शेवटचा रिपोर्ट बाळंतपणाचा निघेल, आणि ते बाळ आता नोकरीला लागलंय. हिमोग्लोबिनची तपासणी ही सगळ्यात साध्या आणि स्वस्त तपासण्यांपैकी एक आहे. दिवाळीला सगळे जमू तेव्हा मी आकडे विचारणार आहे. "मला काही होत नाही, चांगली चालतेफिरते" हे उत्तर चालणार नाही.