जुना माग भंगारात घालावा की सुधारावा?

यंत्रमागाच्या धंद्यात सध्या दोन सल्ले फुकट मिळतात. एकजण सांगतो, जुने माग भंगारात द्या, कर्ज काढा आणि बिनधोट्याचे नवे माग आणा. दुसरा सांगतो, जॉबरला बोलवा, पुली बदला, वेग वाढवा, काम भागेल. चार, आठ किंवा बारा माग चालवणाऱ्या लहान कारखानदाराला हे दोन्ही सल्ले महागात पडतात, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्यासाठी तिसरी वाट आहे. मागाचे हलणारे भाग हलके करावेत आणि माग घडोघडी थांबू देऊ नये.

आपला साधा माग मूळचा लँकेशायरच्या घडणीचा. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढे बंद पडलेल्या गिरण्यांतले कितीतरी माग भिवंडी, मालेगावच्या गाळ्यांत आले. त्यांचा बिडाचा सांगाडा आजही मजबूत आहे. खरा दोष आहे तो त्यात धावणाऱ्या वजनाचा.

हिशेब पाहा. ४० नंबरच्या सुताचा सव्वा मीटर बाणा तोलला तर तो १८ मिलिग्रॅमच्या आसपास भरतो. तेवढा धागा इकडून तिकडे नेण्यासाठी आपण भरलेल्या कांडीसह साधारण ४०० ग्रॅमचा धोटा फेकतो, थांबवतो आणि पुन्हा फेकतो. मिनिटाला १२० वेळा! स्वित्झर्लंडच्या सुल्झर मागात हेच काम सुमारे ४० ग्रॅमची पोलादी गोळी करते. वीज कुठे जाते आणि पट्टे का तुटतात, याचे उत्तर इथेच आहे.

धोट्याचे वजन पाचव्या हिश्शाने कमी झाले तर तो फेकायला लागणारा जोरही पाचव्या हिश्शाने कमी होतो. उलट वेग एक दशांश वाढवला तर दर फेकीचा जोर २१ टक्के वाढतो आणि मिनिटाचा एकूण भार तर तिसऱ्या हिश्शाने चढतो. म्हणून पुली बदलण्याआधी धोटा आणि पिकर पाहावा. पूर्वी पिकर म्हशीच्या कातड्याचा असे आणि तो तेलात मुरवावा लागे. आता नायलॉन किंवा प्लास्टिकचा पिकर हलका पडतो आणि टिकतोही. काही बिडाच्या दात्यांऐवजी नायलॉनचे दाते बसवले तर तेल कमी लागते. कापडावर तेलाचा डाग आला की ग्राहक भाव पाडतो, हे आपण सर्व जाणतो.

पण हलके करणे म्हणजे डोळे मिटून कापणे नव्हे. धोटा हलका झाला की पिकिंगचा जोर नव्याने लावावा लागतो. जुनाच जोर ठेवला तर धोटा पेटीत आपटून मागे उसळतो आणि बाणा तुटतो. फणी धरून पुढे-मागे होणाऱ्या स्लेचे वजन तर बाणा ठोकण्याच्या कामाचेच असते. जाड, घट्ट कापड विणणाऱ्याने ती हलकी करू नये. मलमल आणि चादर यांचा माग एक नव्हे.

आता वेगाचा मोह. १२० पिकांचा माग शंभरात ७० मिनिटे चालला तर मिनिटाला सरासरी ८४ पिके पडतात. वेग १४० केला, तारा जास्त तुटल्या आणि माग ६० मिनिटेच चालला, तरी पिके ८४च! कापड एक बोटभरही वाढले नाही. वीज वाढली, भाग झिजले आणि कारीगर थकला ते वेगळेच. तोच माग १२० वर ठेवून शंभरात ८० मिनिटे चालवला तर ९६ पिके मिळतात. ताण्याची तार तुटताच माग थांबवणारी रचना, बाण्याची तशीच रचना आणि चांगला ब्रेक हे भाग हीच कमाई करून देतात.

दोरी आणि वजनावर चालणाऱ्या बीमचेही तसेच. बीम रिकामा होत जातो तसे वजन सरकवावे लागते. कारीगर विसरला की ताण बदलतो, तागा कुठे दाट, कुठे विरळ येतो. रंगाईनंतर तिथे पट्टा दिसतो आणि माल परत येतो. कापड घेणारा व्यापारी म्हणून सांगतो, अर्धस्वयंचलित लेट-ऑफवर निघालेला एकसारखा तागा हातात घेताच ओळखू येतो.

जुन्या सांगाड्यावर रॅपियर किट बसवण्याची चालही आहे. त्यात धोटा जातो आणि कांडी भरण्याचे काम वाचते. मात्र किनार कापलेली, झालरीची येते. लुंगी, साडी, रुमाल विणणाऱ्याने आधी आपल्या ग्राहकाला विचारावे, मगच किट घ्यावे.

१ एप्रिल २०१७ रोजी केंद्र सरकारने सुरू केलेल्या पॉवरटेक्स इंडिया योजनेत अशा सुधारणेसाठी अनुदान होते. सर्वसाधारण गटाला ठरलेल्या मर्यादेत निम्मा खर्च मिळत होता. त्या योजनेची मुदत संपली. म्हणून हातावर हात ठेवून बसायचे का? सगळे माग एकदम सुधारायची गरज नाही. दोन माग सुधारा. त्यांचे पीक, थांबे, वीज आणि दागी मीटर तीन महिने वहीत लिहा. फायदा दिसला तर त्याच कमाईतून पुढचे दोन घ्या.

एक गोष्ट मात्र कोणत्याही बचतीत बसत नाही. धोटा उडू नये म्हणून लावलेली सळई काम लवकर व्हावे यासाठी काढून ठेवतात. उडालेला धोटा माणसाचा डोळा घेतो. ती सळई मागावर असलीच पाहिजे, आणि ज्याच्या हाताने हा फायदा होणार त्या कारीगराच्या मजुरीतही तो दिसला पाहिजे. भंगारवाला मागाचा तोल करतो तो किलोवर. आपण तो त्याच्या कामावर करावा.