गटारात माणूस आहे, मोजा!

दोस्तांनो, कायद्याचा तक्ता कधी वाचलाय? वाचा. १९९३ साली पर्यावरण संरक्षण नियमांत घातलेला. कारखान्याच्या सांडपाण्यात सायनाइड किती चालेल? नदीत सोडायचं तर लिटरला ०.२ मिलिग्रॅम. सार्वजनिक गटारात सोडायचं तर २. दहापट! शिसं? नदीत ०.१, गटारात १. पुन्हा दहापट!

का? तर म्हणे, गटाराच्या टोकाला शुद्धीकरण केंद्र असतं. असेल. पण कारखाना आणि केंद्र यांच्या मध्ये मैलोगणती पाइप आहे, आणि तो तुंबला की आमच्या वस्तीतला माणूस आत उतरतो. नदीतल्या माशाची काळजी तक्त्यात आहे. मॅनहोलमधल्या माणसाला रकानाच नाही!

आणि ही ढिली मर्यादा तरी पाळतंय कोण? रात्री कुणी ॲसिड ओतलं, ते गाळातल्या सल्फाइडला भिडलं, की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. आधी सडक्या अंड्याचा वास. गॅस वाढला की नाकच बधिर होतं. मग माणूस पडतो. पेपरात छापतात, 'गुदमरून मृत्यू.' गुदमरून कसला? ओतणारा कोण होता?

२०२३ साली सुप्रीम कोर्टाने अशा मरणाला तीस लाख भरपाई ठरवली. घ्या, हक्काचीच आहे. पण त्याआधी विचारा : वरच्या अंगाला कुठला कारखाना? पाण्याचा नमुना घेतला का? नसेल तर तिथून हलू नका. मेलेल्याचं नाव पंचनाम्यात येतं. विष ओतणाऱ्या मालकाचंही आलं पाहिजे!